तक्रार ऐकणारा माणूस

बोलावणं धाकटीकडून आलं, यातच निम्मी बातमी होती.

त्या घराण्यात बोलावणी वरून खाली यायची. आबा होते तोवर आबा बोलावत, आबा गेल्यावर थोरले म्हणून दादा. धाकट्या भावाच्या बायकोने सगळ्यांना निरोप धाडावा, तोही ‘या, बोलायचं आहे’ एवढाच, असं आजवर झालं नव्हतं. जागासुद्धा तिने स्वतःचीच निवडली होती. तिचं पार्लर रविवारी दुपारी बंद असायचं.

दादा सगळ्यांच्या आधी पोचले. जन्मभर त्यांनी लोकांची वाद्यं दुरुस्त केली होती, आणि लवकर गेल्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. अर्ध्या शटरखालून ते वाकून आत शिरले. आत बसायचं कुठे हा प्रश्न होता. तीन खुर्च्या जमिनीत पक्क्या रोवलेल्या, तिन्हींची तोंडं आरशाकडे, आणि मागे भिंतीला लागून गिऱ्हाइकांचा बाक.

“दादा, मधली घ्या,” धाकटी म्हणाली.

ते बसले, तसं तिने सवयीने पेडल दाबलं आणि दादा वीतभर वर गेले. तिचं लक्षही नव्हतं. खाली घे म्हणून सांगणं दादांना अवघड वाटलं. मग पुढचं सगळं त्यांनी अधांतरी पायांनीच ऐकलं.

भाऊ आला. हा दादांचा धाकटा भाऊ आणि धाकटीचा नवरा. विमा विकायचा. जगात कुठे कुठे काय वाईट होऊ शकतं हे त्याला तोंडपाठ होतं, आणि आपल्याकडे त्यातलं काही होणार नाही याचीही खात्री होती. त्याच्या मागून ताई आली. दोघा भावांमधली ही बहीण लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून तिच्या पायाला खोडच लागली होती. समोरचा काही वेडंवाकडं बोलला की तिचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. घरातली माणसं बोलताना तिच्या चेहऱ्याकडे बघत नसत, चपलेकडे बघत.

“वाद्यवृंदाच्या पन्नासाव्या वर्षाच्या कार्यक्रमाचं असणार,” भाऊ डावीकडच्या खुर्चीत बसत म्हणाला.

“अहो, तुम्हाला ठाऊक नाही ना, मग गप्प बसा.”

“नवरा आहे मी तुझा.”

“म्हणूनच ठाऊक नाही.”

तेवढ्यात शटरखालून दादांची बायको आली आणि तिच्या पाठोपाठ बेबी. बेबी म्हणजे दादांची एकुलती एक लेक. वय एकोणचाळीस. हॉस्पिटलच्या औषधांच्या विभागात तिच्या हाताखाली अकरा माणसं होती आणि तिचा आवाज चढला की मोठे डॉक्टरही हळू बोलत. घरात मात्र बेबी ती बेबीच.

धाकटीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. “वहिनी, मी तुम्हाला एकटीला बोलावलं होतं.”

“अगं, ही घरी आलेलीच होती. तिला काय उंबऱ्यावर ठेवून येऊ? आणि चारला जावईबापू मुलांना शिकवायला हॉलवर येणारच आहेत, ते झाल्यावर हिला इथूनच घेऊन जातील.”

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग शटर पार खाली ओढलं, दिवे लावले आणि आरशाला पाठ करून सगळ्यांसमोर उभी राहिली.

“बेबी, तू आलीस हे बरं झालं नाही,” ती म्हणाली. “पण आता तुला बाहेर पाठवून बोलणं त्याहून वाईट. बस.”

बेबी उजवीकडच्या खुर्चीत बसली. दादांना आरशात तिचा चेहरा दिसत होता, आणि इलाज नसल्यामुळे स्वतःचाही.

“परवा आपल्या वृंदातली एक मुलगी केस कापायला आली,” धाकटीने सुरुवात केली. “पंधरा वर्षांची. मी विचारलं, कसे कापू? तर म्हणाली, काकू, असे कापा की मी बरी दिसणार नाही.”

धाकटीने हातातल्या टॉवेलची घडी घातली.

“इतकी वर्षं कात्री चालवतेय. गिऱ्हाइकं हवं ते मागतात. असं कुणी मागितलं नव्हतं.”

“आजकालच्या मुलांची काय फॅशन निघेल…” भाऊ म्हणाला. ताईचा पाय दाबला गेला. भाऊ थांबला.

“मी कात्री खाली ठेवली. खोदून खोदून काही विचारलं नाही. नुसते केस पुसत राहिले. मग तीच बोलली. वर्ष झालं, सराव संपला की गाडीतून घरी सोडतात. बाकीची मुलं उतरतात, ही शेवटी राहते. गाडी भलतीकडे उभी करतात. हात हातात घेतात, सोडत नाहीत. रोज फोनवर मेसेज येतात, आणि वाचून झालं की पुसून टाक असंही त्यातच असतं. वाद्यांच्या खोलीत जादा सराव, दार लावून. हे आपल्या दोघांतलं, म्हणतात. कुणाला सांगितलंस तर कार्यक्रमातलं तुझं एकटीचं वाजवणं गेलं म्हणून समज.” तिने टॉवेल खांद्यावर टाकला. “आणखीही आहे. ते मी इथे सांगणार नाही. ज्यांना सांगायचं त्यांना सांगेन.”

“कोण?” दादांच्या बायकोने विचारलं. “कोण सोडतं गाडीतून?”

हा प्रश्न तिने का विचारला, हे दादांना कळलं नाही. वृंदातल्या मुलांना गाडीतून घरी सोडणारा माणूस एकच होता.

*

वृंद आबांनी काढला होता. धोबीखान्यामागच्या पालिकेच्या हॉलमध्ये, गल्लीतल्या पोरांना फुंकायला आणि वाजवायला शिकवण्यासाठी. आबांकडून दादांकडे आला तेव्हा त्यात बारा मुलं होती, आता चाळीस होती. कारभार मात्र जुनाच, मानाने चालणारा. हॉलची किल्ली थोरल्याकडे. पहिला सूर थोरला देणार. मुलांच्या बिस्किटांतलं पहिलं बिस्कीटही थोरल्याला, मग ते त्याला आवडो न आवडो.

फरशीचं मोठं दुकान असलेला, ट्रम्पेट वाजवणारा, हसतमुख जावई घरात आला तेव्हा त्याचाही मान आपोआप ठरला. सगळे त्याला जावईबापू म्हणत. मोठ्यांचं ऐकून मुलंही त्याला ‘जावईसर’ म्हणू लागली. चाळीस मुलांचा एक जावई. त्याला कुणी कधी अडवलं नाही. जावयाला अडवायचं असतं हे त्या घरात कुणाला शिकवलेलंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पालिकेकडून विचारणा झाली होती. मुलांना काही त्रास असेल तर त्यांनी कुणाला सांगायचं, अशी एक व्यक्ती नेमा. घरात बैठक झाली. ती फार चालली नाही. भाऊ म्हणाला, “दादा आहे की! दुसरं कोण?” सगळ्यांनी माना डोलावल्या. हाही एक मानच होता, आणि मान थोरल्याचा. दादांचा क्लॅरिनेट हातात घेतलेला जुना फोटो मोठा करून हॉलच्या भिंतीवर लावला. फोटोत ते कुणावर तरी चिडलेले दिसत होते; खरं तर तेव्हा डोळ्यांत ऊन गेलं होतं. खाली लिहिलं, ‘काही त्रास असेल तर यांना सांगा.’

ज्या माणसाने एक बोट वर केलं की चाळीस मुलं श्वास रोखायची, त्याला जाऊन त्रास सांगायचा होता. तीन वर्षांत एक मुलगा आला. त्याच्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता. दादांनी तो त्याच संध्याकाळी बसवून दिला. पालिकेला दरवर्षी कळवलं जाई, तक्रार नाही. एका वर्षी कळवलं, तक्रार एक, निवारण झाले. भाऊ ते नातेवाइकांना अभिमानाने सांगायचा. विम्याच्या भाषेत त्याला शुद्ध रेकॉर्ड म्हणतात.

*

“जावईबापूंचा स्वभावच मायाळू आहे,” दादांची बायको आता बोलत होती. भराभर, कुणी मधे शिरू नये अशी. “मला डॉक्टरांकडे कोण नेतं? तेच. माझा हात धरून जिना चढवतात. म्हणून मी काय वाईट म्हणायचं का त्यांना? मुलगी वयात आलेली. या वयात डोक्यात काय काय येतं. सिनेमे बघतात, मोबाइल बघतात…”

“वहिनी, तुम्ही सत्तरीच्या आहात,” धाकटी म्हणाली. “तुमचा हात जिन्यासाठी धरतात.”

“काकू.” बेबी पहिल्यांदाच बोलली. आवाज अगदी सरळ, औषधाचं प्रमाण सांगावं तसा. “गच्चीवरच्या खोलीचं तुमच्या मनातून अजून गेलेलं नाही, हे मला माहीत होतं. पण तुम्ही इथपर्यंत याल असं वाटलं नव्हतं.”

गच्चीवरची खोली घरात दोन वर्षं धुमसत होती. धाकटीला ती हवी होती, मिळाली बेबीला. त्यानंतर काकू-पुतणी एकमेकींशी बोलायच्या त्या ‘चहा घे’ आणि ‘नको’ एवढंच.

“हेच,” धाकटी शांतपणे म्हणाली. “बेबी, हेच तू म्हणणार, हे ठाऊक होतं मला. तू म्हणालीस, उद्या सगळी गल्ली म्हणेल. खोलीसाठी जावयावर चिखल उडवला. म्हणून तर सगळ्यांना बोलावलं. मला तुमची परवानगी नकोय. बालसंरक्षण कार्यालयाला फोन मी करणारच आहे, आज, तुम्ही हो म्हणा की नको म्हणा. मुलीच्या आईशी मी परवाच बोलले. मुलगी आईजवळ आहे, आज सरावाला येणार नाही. पण तक्रार एकट्या माझ्या तोंडून गेली, तर ती पोर आणि मी एकीकडे आणि हे अख्खं घराणं एकीकडे. वृंदाच्या बाजूने कोण बोलणार आहे? एवढंच विचारायचंय.”

“थांब, थांब, थांब,” भाऊ म्हणाला. तो खुर्चीत वळू पाहत होता, खुर्ची गरकन पूर्ण फिरली आणि तो पुन्हा आरशासमोर आला. “फोनबिन काय एकदम? असं बघ, आपण तिघं मोठी माणसं त्यांना बाजूला घेऊ. मी, दादा, ताई. समजुतीने सांगू की बाबा, मुलींना गाडीतून नको सोडूस, लोक बोलतात. सुंठीवाचून खोकला गेला. मुलीचं नाव नाही, बेबीचा संसार शाबूत, वृंदाचं पन्नासावं वर्ष…”

“आणि ती म्हणजे खोकला,” धाकटी म्हणाली.

“अगं, तसं नाही…”

“आणि सांगितल्यावर ते काय करतील? संध्याकाळपर्यंत फोन साफ. उद्या सकाळी मुलीच्या दारात. अहो, विमा उतरवताय की पुरावा पुसायची मुदत देताय?”

 भाऊने आशेने ताईकडे पाहिलं. ताई आतापर्यंत त्याच्या बाजूला असल्यासारखी वाटत होती, निदान धाकटीच्या बाजूला तरी नव्हती. या दोघींचं कधीच जमलं नव्हतं. ताईच्या मते केस कापणं हे काम नव्हे, आणि धाकटीच्या मते ओरडणं म्हणजे शिकवणं नव्हे.

“मुलीला बोलवावं,” ताई म्हणाली. “सगळ्यांसमोर विचारावं. खरं असेल तर सांगेल.”

“नाही,” धाकटी म्हणाली. “तिने एकदा सांगितलं. ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीवर पडलेल्या दुसऱ्याच कुणाच्या केसांकडे बघत होती. पुन्हा सांगायचं तर ज्यांना विचारायचं कसं ते कळतं, त्यांच्यासमोर. तुमच्या-माझ्यासमोर उलटतपासणी नाही.”

“मग आम्ही नुसता विश्वास ठेवायचा?”

“ताई, तुम्ही गाडीचं बोला. ते तुम्हाला कळतं.”

हा टोमणा होता. पण ताईने तो कामाचा प्रश्न समजून घेतला. तिने डोळे बारीक केले. हॉलच्या दारातून मनातल्या मनात गाडी बाहेर काढली असावी, कारण तिचा डावा हात किंचित हलला.

“ट्रम्पेटवाल्या मुलांतली असेल तर…” ती हळू बोलू लागली. “नाव नका सांगू. एकटीचं वाजवणं एकाच मुलीकडे आहे, ते काय आम्हाला कळत नाही? तिला मी बघते रोज, दूध आणायला जाते तेव्हा. धोबीखान्याच्या कोपऱ्यावर राहते ती.”

“बरं मग?” भाऊ म्हणाला.

“हॉलवरून गाडी काढली की पहिलं घर तिचं. वाटेतच आहे. वळावंसुद्धा लागत नाही.” ताईचा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला आणि तसाच राहिला. “मग ती शेवटी कशी उतरते?”

 बाहेर कुणीतरी शटरवर टकटक केली. “बंद आहे!” धाकटी ओरडली. बाहेरचा माणूस निघून गेला.

“रस्ता खणला असेल तिकडे,” दादांची बायको म्हणाली. पण हे तिने स्वतःलाच सांगितलं.

“वर्षभर?” ताई म्हणाली. ती उठून धाकटीच्या शेजारी, आरशाला पाठ करून उभी राहिली. दोघी पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या होत्या, आणि दोघींनाही ते जरा अवघड गेल्यासारखं दिसत होतं.

दादांनी अजून एक शब्द काढला नव्हता. त्यांना बोलायला नेहमीच वेळ लागे. वाक्य मनात जुळवायचं, मग ते बरोबर आहे का याची शंका यायची, तोवर दुसरं कुणी बोलून टाकायचं. लोकांना तो त्यांचा भारदस्तपणा वाटायचा. खरं काय होतं ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक होतं.

“तिने…” ते शेवटी म्हणाले. “भिंतीवर लिहिलेलं आहे ना. माझ्याकडे का नाही आली?”

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. ती हे सांगणार नव्हती. हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने ठरवलं असावं की आज कुणापासूनच काही राखून ठेवायचं नाही.

“आली होती, दादा.”

“कधी?”

“ट्रम्पेट सोडून दुसरं काहीही द्या म्हणून. ढोल द्या, तो टिणटिण वाजणारा त्रिकोण द्या, काहीही द्या. तुम्ही तिला म्हणालात…”

“ट्रम्पेटला असे ओठ दहा वर्षांत एकदा मिळतात,” दादा म्हणाले.

वाक्य त्यांना तसंच्या तसं आठवलं, कारण ते त्यांना स्वतःला आवडलं होतं. मुलगी हॉलच्या खांबाजवळ उभी होती. त्रिकोणच द्या म्हणाली होती. त्रिकोण! चांगलं वाजवणारी पोर त्रिकोण मागते म्हणजे धीर सुटला असणार असं धरून त्यांनी तिला धीर दिला होता, आणि वर जावईबापूंना सांगितलं होतं की हिच्याकडे जरा जास्त लक्ष द्या, जादा सराव घ्या.

हे शेवटचं त्यांनी आता मोठ्याने सांगितलं. 

“याआधी आणखी दोघींनी वाद्य बदलून मागितलं होतं,” ते म्हणाले. “एकीने गेल्या वर्षी. एकीने त्याच्या आधी. मी दोघींना स्वरांबद्दल बोललो.”

“अहो…” बायको म्हणाली.

बेबी आरशात बघत होती. तिचे हात खुर्चीच्या हातांवर सरळ ठेवलेले होते, केस कापून घ्यायला आल्यासारखे. “रविवारी सरावानंतर ते दुकानात जातात,” ती म्हणाली. “माल मोजायला. जेवायला उशीर होतो, म्हणून मी आधी जेवून घेते.”

“बेबी…” आई उठली.

“मी फक्त सांगते आहे, आई. मला वाटायचं, फरशा मोजायला इतका वेळ कसा लागतो? पण फरशीचं मला काय कळतं?”

तिची आई तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. शेवटी तिने तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

“हे बघा,” भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज आता वेगळा होता, गिऱ्हाइकाकडून उठून येताना असतो तसा. “चारला मुलं येणार. चाळीस मुलं आणि ते. त्याचं काय करायचं ते आधी ठरवा.”

दादांनी खिशात हात घातला आणि हॉलची किल्ली काढली. ती देता देता ते थबकले. आपण करतोय ते बरोबर आहे का, ही शंका त्यांना आजही आली. रोजच येते, तशीच. पण आज तिच्यासाठी थांबायला वेळ नव्हता.

“कुलूप उघडायचं नाही,” ते म्हणाले. “तू दारात उभा राहा. आलेल्या प्रत्येक मुलाला घरी पाठव. लहानांना त्यांच्या घरच्या माणसाच्या हाती दे, दुसऱ्या कुणाच्या नाही. गाडीतून कुणालाही जाऊ देऊ नकोस.”

“कारण काय सांगू?”

“वीज गेली म्हण.”

“आणि जावईबापू आले तर?”

“त्यांनाही वीज गेली म्हण.”

“मला जमेल?”

“भाऊ, तू विमा विकतोस.”

भाऊने किल्ली घेतली. “मी जाते ह्याच्याबरोबर,” ताई म्हणाली. “हा हसून मोकळा होईल.” जाताना ती धाकटीला म्हणाली, “तुझ्याकडे पाणी मिळेल का बेबीला? गार नको.” त्या दोघींमध्ये इतकं बोलणं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

शटर वर गेलं, खाली आलं.

धाकटीने स्वतःचा फोन काढला. “नंबर आहे माझ्याकडे. मी लावते.”

“मी बोलतो,” दादा म्हणाले.

“दादा, मी बोलणारच आहे, मी तुम्हाला म्हटलं…”

“तू नंतर बोल. तुला जे सांगितलं ते तूच सांगायचंस. पण आधी मी. तुझं नाव पहिलं लागलं तर लोक खोलीचं काढतील. माझ्या नावापुढे त्यांना काढायला काही नाही.” त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. “आणि आता आहे, तर तेही मीच सांगतो.”

“अहो, तुम्हाला फोनवर बोलता येत नाही,” बायको म्हणाली. हे खरं होतं. गिऱ्हाइकाचा फोन आला तरी ते ‘उद्या या’ म्हणून ठेवून देत. “एकदा बोललात की परत घेता येणार नाही. बेबीच्या… तुम्ही कळून करताय ना?”

“कळून म्हणजे किती कळून, ते नाही सांगता येत,” दादा म्हणाले. “पण परत घ्यायचं नाही, एवढं कळतंय.”

धाकटीने नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे एक बाई बोलत होत्या, थकलेल्या पण नीट. दादांनी स्वतःचं नाव सांगितलं, वृंदाचं सांगितलं. मग त्या विचारू लागल्या आणि त्यांना बरं वाटलं. आपणहून बोलण्यापेक्षा विचारलेल्याचं उत्तर देणं त्यांना नेहमीच सोपं जायचं.

मूल आत्ता सुरक्षित आहे का? आहे, आईजवळ आहे. ज्यांच्याविषयी सांगताय त्यांना हे कळलंय का? नाही. कळू देऊ नका, मुलीलाही कुणी पुन्हा विचारू नका. बरं. ते आज इतर मुलांजवळ जाण्याची शक्यता आहे? हॉल बंद ठेवलाय. ते संस्थेत काय करतात? ट्रम्पेट शिकवतात.

“तुमचं त्यांच्याशी काही नातं?”

“जावई आहेत.”

“कुणाचे?”

“माझे.”

पलीकडे लिहिण्याचा आवाज जराही थांबला नाही. दादांना त्या बाईंचे उपकार वाटले.

“तुमच्या संस्थेत मुलांनी त्रास सांगावा अशी व्यक्ती नेमलेली आहे का?”

“आहे.”

“त्यांना मुलीने सांगितलं होतं का?”

“सांगायला आली होती. त्याने वेगळंच ऐकलं.”

“त्यांच्याशी आम्हाला बोलावं लागेल. कुठे भेटतील?”

“बोलताय ना,” दादा म्हणाले. “तो मीच.”

आता मात्र लिहिणं थांबलं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फोन केलात ते बरं झालं. उद्या नाही, आजच कुणी तरी मुलीच्या घरी जाईल. वाद्य बदलून मागितलेल्या त्या दुसऱ्या दोन मुलींचीही नावं लागतील, ती तुम्ही आलेल्या माणसाला प्रत्यक्ष द्या. आता त्या गृहस्थांचा पत्ता सांगा.”

दादांनी इमारतीचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला. मग अडले. गेली चौदा वर्षं ते त्या घरी जात होते. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळायचं, जिना चढायचा, डावीकडचं हिरवं दार. घराचा नंबर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. लेकीच्या घरी जायला नंबर कशाला लागतो?

“नंबर…” ते फोनमध्ये म्हणाले. “एक मिनिट हं. नंबर मला…”

धाकटी जमिनीकडे बघत होती. बायकोने तोंडावर पदर धरला होता. नंबर तिलाही ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असून तिच्या तोंडून निघत नसावा.

“तीनशे सात,” बेबी म्हणाली. “तिसरा मजला.”

दादांनी सांगितलं.

“तिथे त्यांच्यासोबत आणखी कुणी राहतं का?” पलीकडून विचारलं. “लहान मूल, दुसरं कुणी?”

दादांनी फोनवर हात ठेवला. लेकीकडे वळले. काय विचारावं याचं वाक्य मनात जुळवू लागले, पण ते जुळायच्या आत बेबीने उत्तर दिलं.

“मूल नाही. सकाळपर्यंत दोघं राहत होतो,” ती म्हणाली. “आता एकच राहतो म्हणावं.”

मागे उभ्या आईने खुर्चीवरचा हात उचलला आणि लेकीच्या खांद्यावर ठेवला.

“एकच,” दादा फोनमध्ये म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.